'ब्लॅक्सप्लॉइटेशन'ला मराठीत 'शोषणपट' म्हणावे का?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. गंगापूर रोड परिसरातील आम्ही दहा-बारा जण दर महिन्याला एकत्र बसून एक जुना चित्रपट पाहतो, आणि त्याआधी कोणीतरी एकाने पंधरा मिनिटांचे टिपण वाचायचे असा आमचा शिरस्ता आहे. पुढच्या खेपेला १९७१ चा 'शाफ्ट' असून टिपण माझ्याकडे आले आहे. ब्लॅक्सप्लॉइटेशन (ब्लॅक आणि एक्सप्लॉइटेशन यांचा जोडशब्द) म्हणजे सत्तरच्या दशकात अमेरिकेत कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी, कृष्णवर्णीय नायक-नायिका घेऊन काढलेले चित्रपट. या प्रकाराला मी 'शोषणपट' असे नाव दिले होते, परंतु चित्रपट दुसऱ्यांदा पाहिल्यावर माझी लेखणी अडली. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतून वर येऊन भरधाव गाड्यांमधून रस्ता ओलांडणारा तो कृष्णवर्णीय गुप्तहेर कोणापुढेही मान झुकवत नाही. मग येथे शोषण नेमके कोणाचे झाले? आणि ज्या चित्रपटांना त्याच समाजातील जाणत्यांनी विरोध केला, त्यांची छाप पुढच्या संगीतावर आणि चित्रपटांवर एवढी खोल कशी उमटली?

पंचवटीकर

'शोषणपट' या शब्दाने दिशाभूल होईल. चित्रपटधंद्यात एक्सप्लॉइटेशन म्हणजे चर्चेतला किंवा सनसनाटी विषय हाताशी धरायचा, थोड्या पैशांत झटपट चित्रपट उरकायचा आणि जोरदार जाहिरातीवर गल्ला भरायचा. हे नाव निर्मात्यांनी घेतलेले नाही. एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेच्या हॉलिवूड शाखेचे प्रमुख ज्युनियस ग्रिफिन यांनी १९७२ मध्ये निषेध म्हणून ते वापरले आणि पुढे तेच रूढ झाले.

हे चित्रपट निघण्यामागे पैशाचे गणित होते. साठच्या दशकाच्या अखेरीस हॉलिवूडच्या मोठ्या कंपन्या तोट्यात होत्या, गोरी कुटुंबे उपनगरांत निघून गेली होती आणि शहरांच्या मध्यभागातील मोठमोठ्या चित्रपटगृहांना मुख्य आधार उरला होता तो कृष्णवर्णीय प्रेक्षकांचा. अशा वेळी मेल्विन व्हॅन पीबल्स यांनी 'स्वीट स्वीटबॅक्स बॅडअ‍ॅस साँग' लिहिला, दिग्दर्शित केला, त्याला संगीत दिले आणि नायकही स्वतःच झाले. बिल कॉस्बी यांनी दिलेल्या ५०,००० डॉलरच्या कर्जाने तो पुरा झाला आणि १९७१ मध्ये आरंभी डेट्रॉइट व अटलांटा येथील दोनच चित्रपटगृहांत लागला. पोलिसांपासून पळणारा नायक शेवटी जिवंत सुटतो, हे पाहायला रांगा लागल्या. ब्लॅक पँथर या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढाऊ पक्षाचे नेते ह्यूई न्यूटन यांनी आपल्या पक्षाच्या वृत्तपत्रात त्याची क्रांतिकारी म्हणून वाखाणणी केली, तर कृष्णवर्णीय वाचकांच्याच 'एबनी' मासिकात लेरोन बेनेट यांनी त्यावर कठोर टीका केली. विरोध आणि अभिमान असे दोन्ही सूर एकाच घरातून उठले होते, हे टिपणात अवश्य यावे.

सिन्नरहून

मी वामनदादा कर्डकांच्या तालुक्यातला असल्यामुळे माझे लक्ष आधी गाण्याकडे जाते. 'शाफ्ट'च्या शीर्षकगीतासाठी आयझॅक हेज यांना ऑस्कर मिळाले आणि त्या गाण्यातील गिटारचा लयदार, कुरकुरता आवाज हीच या चित्रपटांची ओळख ठरली. मला मात्र त्याहून मोलाचे वाटते ते कर्टिस मेफिल्ड यांनी १९७२ च्या 'सुपर फ्लाय'साठी केलेले काम. पडद्यावर कोकेन विकणाऱ्या नायकाचा लांब कोट आणि आलिशान गाडी डोळ्यांत भरते, परंतु मेफिल्ड त्याच धंद्यात चिरडल्या गेलेल्या फ्रेडीचे दुःख गातात. चित्रपटात त्या गाण्याची केवळ चाल वाजते. शब्द ऐकायचे तर तबकडीच ऐकावी लागे, आणि ती लाखो घरांत पोहोचली. आंबेडकरी जलशात शाहीर आपल्याच माणसांना प्रेमाने खडसावतो, तशी ती तबकडी मला वाटते. पुढे हिप-हॉपवाल्यांनी या तबकड्यांमधले तुकडे उचलून आपली गाणी बांधली, आणि 'डोलेमाइट' या अशाच एका चित्रपटाचे विनोदी नायक रूडी रे मूर यांच्या यमकी बोलण्याला तर कित्येक रॅपर आपले मूळ मानतात.

देवळालीची वाचक

पंचवटीकर, तुमचा खुलासा पटला, परंतु शब्दाचा धंदेवाईक अर्थ सांगितल्याने शोषण नव्हते असे सिद्ध होत नाही. 'कॉफी' (१९७३) मध्ये पॅम ग्रीअर बहिणीला व्यसनाला लावणाऱ्यांचा सूड घेणारी परिचारिका झाली आहे. त्या काळच्या अमेरिकन चित्रपटात कृष्णवर्णीय स्त्रीने स्वतः बंदूक उचलून कथा पुढे नेणे ही मोठीच गोष्ट होती आणि मी तो चित्रपट आदराने पाहते. तरीही कॅमेरा तिच्या शरीरावर रेंगाळतो ते तिकीट खपावे म्हणून, आणि त्या चित्रपटाचा दिग्दर्शक व कंपनी दोन्ही गोऱ्यांच्याच वर्तुळातले होते. सत्तरच्या दशकाच्या मध्यात हाच कृष्णवर्णीय प्रेक्षक 'द गॉडफादर' आणि 'द एक्झॉर्सिस्ट'लाही गर्दी करतो हे कंपन्यांना उमगले, तेव्हा त्यांनी हे चित्रपट काढणे सोडून दिले आणि कलावंत रिकामे बसले. ग्रीअर यांना तोलामोलाची मुख्य भूमिका पुन्हा मिळाली ती थेट १९९७ च्या 'जॅकी ब्राउन'मध्ये.

आणखी एक. आपल्याकडे दलित पँथरची स्थापना १९७२ चीच असल्यामुळे चर्चेत कोणीतरी हे धागे जोडेल. तिची प्रेरणा ब्लॅक पँथर ही संघटना होती, हे चित्रपट नव्हेत, एवढे स्पष्ट करावे.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. 'शोषणपट' खोडून मूळ शब्दच ठेवला आहे आणि तो कोणी, कोणत्या रागातून दिला हे पहिल्याच परिच्छेदात घेतले आहे. चित्रपटाआधी मेफिल्ड यांचे फ्रेडीवरचे गाणे शब्दांसह ऐकवीन. मंडळाची हरकत नसेल तर त्यापुढच्या महिन्यात 'कॉफी' ठेवू. देवळालीच्या ताई, त्याचे टिपण आपण लिहाल का?