द्राक्षाचा एलसीए: आधी नावं आणि एककं जुळवा, आकडे नंतर गोळा करा

गोदाकाठ:
खरेदीदाराने द्राक्षाचं जीवनचक्र मूल्यमापन, म्हणजे बागेपासून पुढे पर्यावरणावर पडणाऱ्या भाराचा हिशेब (एलसीए), मागितलं की नाशकात पहिला सल्ला मिळतो: स्थानिक आकडे गोळा करा. माझं मत उलट आहे. आकडे कोणत्या नावाने, कोणत्या एककात आणि कोणत्या फॉरमॅटमध्ये लिहायचे हे आधी ठरवा.

बागेचे आकडे आपले असले तरी खत, डिझेल, पुठ्ठ्याची पेटी, जहाज यांचे आकडे तयार डेटाबेसमधूनच घ्यावे लागतात. स्वित्झर्लंडचा इकोइन्व्हेंट हा डेटाबेस इकोस्पोल्ड या फाइल फॉरमॅटमध्ये येतो, युरोपियन कमिशनचा फॉरमॅट आयएलसीडी, आणि ओपनएलसीए हे मोफत सॉफ्टवेअर जेसन-एलडी हा फॉरमॅट वापरतं. फाइल उघडते, पण आतली नावं जुळत नाहीत. एका यादीत कार्बन डायऑक्साइड एकच. दुसरीत जीवाश्म इंधनाचा वेगळा, जैविक वेगळा, जमीनवापर बदलल्यामुळे सुटलेला वेगळा. पाणी इकडे घनमीटरमध्ये, तिकडे किलोत. नाव जुळलं नाही की त्या उत्सर्जनाला त्याचा परिणाम मोजणारा गुणांक लागत नाही आणि बेरजेत ते शून्य धरलं जातं. माल आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसतो आणि कुणाला शंकाही येत नाही. मला सगळ्यात धोक्याचं हेच वाटतं.

पाण्याचंच बघा. पाणीवापराचा परिणाम मोजणाऱ्या अवेअर या पद्धतीत टंचाईनुसार ०.१ ते १०० असा गुणांक मिळतो. फाइल बदलताना पाणी कुठल्या खोऱ्यातलं ही नोंद गळली, तर निफाडच्या विहिरीतल्या मार्चमधल्या पाण्याला सरसकट जागतिक गुणांक लागतो.

निफाडचा बागायतदार:
भाऊ, जुळवायला आकडे आहेत कुठे? माझ्या पंपाचं बिल हॉर्सपॉवरवर येतं, युनिटवर नाही. किती वीज जळाली हे मलाच ठाऊक नाही, तर ती कोणत्या नावाने लिहायची यावर वेळ का घालवायचा?

दुसरं, आमच्याकडे वेलाची छाटणी दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड, ऑक्टोबरमध्ये गोडी, आणि पीक एकच. थंड हवामानातल्या बागेत हिवाळ्यात एकदाच छाटतात. तिथला डेटासेट घेतला तर आमच्या खरड छाटणीनंतरच्या फवारण्या आणि ब्लोअरचं डिझेल त्यात येणार कुठून? नावं शंभर टक्के जुळवा, हिशेब दुसऱ्याच बागेचा निघेल.

गोदाकाठ:
दोन छाटण्यांसाठी नवा डेटासेट लागेल, हे मान्यच. विजेचं मात्र अडू नये. पंपाचे एचपी गुणिले ०.७४६ गुणिले तास, असा अंदाज काढा. त्याला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा ग्रिडचा गुणांक लावा, युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. पण हा अंदाज आहे हे आकड्याला चिकटून राहिलं पाहिजे. त्यासाठीच पेडिग्री मॅट्रिक्स असतो: विश्वासार्हता, पूर्णता, काळ, प्रदेश आणि तंत्रज्ञान यांवर १ ते ५ गुण. फॉरमॅट बदलताना ते गुण गळले, तर मोजलेला आकडा आणि अंदाज यांत फरक उरत नाही.

अंबड_वर्कशॉप:
आमचा नटबोल्टचा धंदा. युरोपच्या सीबॅममध्ये, म्हणजे आयात मालावरच्या कार्बन आकारणीत, बोल्टही येतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून अहवाल सुरू झाले, १ जानेवारी २०२६ पासून खरी आकारणी. कमिशनने एक एक्सेल नमुना दिला आणि आम्ही तो भरायला शिकलो. ऐच्छिक फॉरमॅटने जमलं नाही ते सक्तीने जमलं. द्राक्षालाही एकच सक्तीचा तक्ता द्या, वाद मिटेल.

सातपूरची विश्लेषक:
दादा, सीबॅम हे एलसीए नाही. लोखंडापुरतं ते कारखान्यातलं आणि वापरलेल्या पोलादाचं थेट उत्सर्जन धरतं. पाणी आणि विषारीपणा त्यात नाहीत, आणि द्राक्षात मोजायचं तर तेच आहे.

गोदाकाठ, तुमच्याशीही माझा मतभेद आहे. नावं ठरवायला नवी यादी कशाला? संयुक्त राष्ट्रांच्या ग्लॅड या एलसीए डेटाबेस जोडणाऱ्या जाळ्याने इकोइन्व्हेंट, युरोप, अमेरिका आणि जपानच्या याद्यांची जुळवणी केलेली आहे, ती घ्या. नावं हा सोपा भाग. अवघड भाग पद्धतीचा. वाइन गाळून उरलेल्या चोथ्यावर किती भार टाकायचा, वजनाने की किमतीने? इकोइन्व्हेंटमध्येच हा भार वाटण्याच्या कट-ऑफ, एपॉस, कॉन्सिक्वेन्शियल अशा वेगवेगळ्या रचना आहेत. एका रचनेतलं खत आणि दुसरीतला पुठ्ठा एका हिशेबात घातला, तर प्रत्येक नाव जुळूनही उत्तर चुकेल. फाइल रूपांतरित करून हे सुटत नाही.

निफाडचा बागायतदार:
ताई, हे पटलं. पण ग्रेपनेट या निर्यात द्राक्षांच्या नोंदणी व्यवस्थेसाठी बागेची नोंदणी आणि अवशेष तपासणी आम्ही आधीच करतो. आता फवारणीची डायरी खुल्या डेटाबेसमध्ये टाकायची, तर उद्या तीच दाखवून भाव पाडला तर? माझ्या नोंदी शंभर बागांच्या सरासरीत मिसळूनच बाहेर जाव्यात.

सातपूरची विश्लेषक:
तुमची भीती रास्त आहे. पण नुसती सरासरी बाहेर गेली, तर पंपाचा अंदाज चुकलाय की डिझेलचा, हे बाहेरच्या कुणालाही तपासता येणार नाही. निदान वीज, पाणी, खत आणि डिझेल हे चार आकडे वेगवेगळे दिसू द्या. बागेचं नाव आणि गट नंबर नको.