मुलीचं नाव 'सावित्री' ठेवावं का?

शेवंता
बारसं रविवारी आहे. नक्षत्र शततारका, दुसरा चरण, म्हणजे अक्षर 'सा'. घरातल्या यादीत सान्वी, सायशा, सारा. मी म्हटलं, सावित्री. माझ्या पणजीचं नाव. नवरा म्हणतो, वर्गातली पोरं तिला काकू म्हणतील. सासूबाई मात्र भलत्याच खूश, आणि खरी अडचण तीच आहे. "वटपौर्णिमेची सावित्री गं, सात जन्मांची सोबत!" पोरगी नऊ दिवसांची आहे, आत्ताच सात जन्मांचं बुकिंग? नुसतं 'छान नाव आहे' लिहू नका. ठेवावं किंवा ठेवू नये, पण का ते सांगा.

वरणफळ
नको. नावाचा अर्थ कोशात काय आहे याला कोण विचारतो? लोकांच्या तोंडी काय आहे ते बघा. 'सतीसावित्री' हा शब्द मी आजवर दोनच प्रकारे ऐकलाय. एक, सुनेला गप्प बसवताना. दोन, "मोठी आली सतीसावित्री" असं नाक मुरडताना. मुलीला आयुष्यभर यातलं एक काहीतरी ऐकायला लागणार.

दामले मास्तर
वरणफळताई, लोकांच्या तोंडचं सोडा, वनपर्व काढून वाचा. मद्र देशच्या अश्वपती राजाची ही मुलगी इतकी तेजस्वी की मागणी घालायला कोणी धजेना. शेवटी बापच म्हणाला, तूच शोध बाई. ती रथात बसून गेली आणि निवडला कोण, तर राज्य गेलेल्या आंधळ्या राजाचा मुलगा. नारद म्हणाले, याचं आयुष्य एक वर्ष. बाप म्हणाला, दुसरा बघ. ही म्हणाली, एकदा ठरलं ते ठरलं. पुढे यमाच्या मागे चालत बोलत राहिली. सासऱ्याचे डोळे, सासऱ्याचं राज्य, बापाला शंभर पुत्र, एकेक पदरात पाडून घेतलं, आणि मग स्वतःला शंभर पुत्र मागितले. यम 'तथास्तु' म्हणाला आणि अडकला. नवरा नेऊन ते वर कसे देणार? वडाला सूत गुंडाळून मारलेल्या फेऱ्या या कथेत कुठेच नाहीत, त्या मागाहूनच्या व्रताच्या. ही बाई वकील आहे हो!

वरणफळ
वकील मान्य. पण अशील कोण? सासरा, बाप, नवरा. आणि दोनशे मुलगे मागितले, त्यात एकही मुलगी नाही. मास्तर, एवढं बारीक वाचलंत आणि हे सुटलं?

दामले मास्तर
…सुटलं खरं.

तळटीप
कथेच्या मागे जाऊ या. 'सू' या धातूपासून सवितृ, म्हणजे प्रेरणा देणारा, जागं करून कामाला लावणारा सूर्य. त्याची ती सावित्री. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातल्या 62व्या सूक्तातली 10वी ऋचा, 'तत्सवितुर्वरेण्यं', छंदावरून गायत्री आणि देवतेवरून सावित्री. मुंजीत बटूच्या कानात सांगतात ती हीच. ज्याची मुंज ठरल्या वयात झाली नाही त्याला 'पतितसावित्रीक' म्हणत. आता गंमत बघा. जो मंत्र मुलींना शतकानुशतकं शिकवला नाही, त्याचंच नाव त्यांना हौसेने ठेवलं. पाटी दिली नाही, पाटीवरचं अक्षर तेवढं कपाळावर काढलं.
माझं मत: ठेवा. नाव आधीपासून तुमचं आहे, मधल्यांनी वापरलं म्हणून सोडायचं कशाला?

खंडाळा तालुका
मंत्र झाला, पुराण झालं. आमच्या सातारा जिल्ह्यात सावित्री म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढे येतं. 3 जानेवारी 1831, नायगाव. 1848ला पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा. 1897च्या प्लेगात आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं, त्यातच स्वतःला लागण झाली आणि 10 मार्चला गेल्या. वर 'लोकांच्या तोंडी काय आहे' विचारलंय ना? आमच्या तोंडी हे आहे. आणि 'जुनं झालं' म्हणजे कुणाकडे झालं? फ्लॅट संस्कृतीत झालं असेल. माझ्या भाचीच्या वर्गात दोन सावित्री आहेत, त्यांना कोणी काकू म्हणत नाही.

वरणफळ
हे मला पटलं. फक्त एक विचारते, राग मानू नका. एवढ्या मोठ्या बाईचं नाव मिरवणाऱ्या पोरीला गणितात नापास व्हायची मुभा असते का?

खंडाळा तालुका
असते की. एक तर झाली पण.

न्यूजर्सीकर
माझी सूचना व्यावहारिक. इकडे 'सव्हायट्री' होणार. आमच्या गायत्रीने दुसरीत असतानाच शिक्षिकेला सांगून टाकलं, मला 'गाया' म्हणा. हौस आपली, भरपाई तिची. दोन अक्षरी ठेवा, सुटसुटीत.

अळूवडी
गाया झाली तर होऊ दे, घरी गायत्री आहे ना? आणि उच्चाराचं म्हणाल तर परमवीर चक्राचं डिझाइन करणाऱ्या सावित्री खानोलकर जन्माने स्विस. वडील हंगेरियन, आई रशियन. इथे येऊन लष्करातल्या मराठी माणसाशी लग्न केलं आणि हे नाव घेतलं. त्यांना जमलं. असल्या सुटसुटीत नावांचा मला कंटाळा आलाय. कियारा, मायरा, अन्वी, सगळ्यांचा अर्थ नेटवर 'देवी लक्ष्मी' किंवा 'सूर्याचा पहिला किरण'. किती पहिले किरण असतात एका सूर्याला?

महाडकर
आमची सावित्री नदी आहे. महाबळेश्वरला उगम, बाणकोटला समुद्र. मे महिन्यात बघाल तर गरीब गाय, जुलैत बाजारपेठेत शिरते. एवढंच सांगायला आलो.

शेवंता
सगळं वाचलं. आणि काल एक भलतंच कळलं. पणजीबद्दल विचारायला आईला फोन केला. तर पणजी जन्माची सावित्री नव्हतीच! माहेरची ठकू. नवव्या वर्षी लग्न झालं, ताटातल्या तांदळांत सासरच्यांनी सावित्री लिहिलं. म्हातारपणी तिला कमी ऐकू यायचं. सावित्री म्हणून कितीही हाका मारा, ढिम्म. ठकू म्हटलं की लगेच वळून बघायची.

वरणफळ
मग ठकू ठेवा. चेष्टा नाही करत.

तळटीप
'ठ' हस्त नक्षत्राचं अक्षर, चौथा चरण. तुमच्या शततारकेला चालणार नाही. बाकी घाई कशाला? जन्मनोंदणी नावाशिवाय होते, नाव वर्षभरात फुकट घालून मिळतं.

शेवंता
दाखल्यावर नावाची जागा कोरीच ठेवलीय. नवऱ्याने रात्री तिला झोपवताना 'ठकूबाई' म्हणून बघितलं, आता तोच सोडत नाहीये. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.