फुकट काम करणाऱ्यांच्या भरवशावर नऊ कॉम्प्युटर सोडायचे का? (डेबियन)

रामबागचा_काका

नमस्कार. इंदूरला रामबागेत आमच्या मंडळाचं छोटं वाचनालय आहे, तिथले नऊ कॉम्प्युटर मी सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय, बँकेतून रिटायर झालो, दिवसभर घरात असतो म्हणून सौ. वैतागली, तेव्हापासून तिकडे जाऊन बसतो. आयटीतला माणूस नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. सिल्व्हर मॉलमध्ये नव्या मशीनचे भाव विचारले आणि छप्पन दुकानवर पोहे खाऊन हात हलवत परत आलो. मग भाच्याने विंडोजच्या जागी डेबियन सुचवलं, म्हणजे स्वयंसेवकांनी बनवलेली फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. सात मशीनवर त्याची १३ वी आवृत्ती टाकली. दोन जुनी ३२ बिटची (जुन्या पद्धतीच्या प्रोसेसरची) आहेत, त्यांच्यावर १३ चढेचना, म्हणून १२. इन्स्टॉलर चक्क मराठीत चालला (ग्राफिकलच घ्यावा लागतो, नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर देवनागरी येत नाही). पेन्शनर मंडळी खूश आहेत.

परवा कार्यकारिणीत खजिनदारांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "अहो, फुकटात काम करणारे लोक किती दिवस करतील? कंटाळले तर?" मी म्हटलं, आपणही फुकटच करतो की. सगळे हसले, पण प्रश्न तिथेच राहिला. रविवारी उत्तर द्यायचंय. याचा मालक कोण? पुढचं कोण ठरवतं? आणि माझ्या त्या दोन म्हाताऱ्या मशीनचं काय?

लष्करवाली

काका, मी ग्वाल्हेरची. ऑफिसात डेबियनचेच सर्व्हर बघते.

मालक कोणी नाही. खरं उत्तर हेच, पण सभेत ते वाईट ऐकू येईल. त्यापेक्षा असं सांगा: काम १९९३ पासून चालू आहे, आणि ज्याने सुरू केलं तो इयान मर्डॉक १९९६ लाच नेतेपदावरून बाजूला झाला. म्हणजे 'संस्थापक गेला तर' ही परीक्षा तिसऱ्याच वर्षी होऊन गेली. आज हजाराच्या आसपास डेव्हलपर आहेत. ते दरवर्षी मतदान करून प्रोजेक्ट लीडर निवडतात. मत पसंतीक्रमाने द्यायचं, आणि 'यांपैकी कोणीच नको' हाही मतपत्रिकेवर असतो. २०१९ ला तर अर्जाची मुदत संपली तरी कोणी उभंच राहिलं नाही, आठवडाभर वाढवून द्यावी लागली. तुमच्या मंडळात असं कधी झालं नसेल असं म्हणू नका!

लीडर झाला तरी कोणाला काम लावू शकत नाही. डेबियनची लेखी घटना आहे, तिच्यातच लिहिलंय की या घटनेमुळे कोणावरही काम करायचं बंधन येत नाही. पैसा आणि ट्रेडमार्क सांभाळायला अमेरिकेत एसपीआय नावाची ना-नफा संस्था आहे, तीही १९९७ पासून.

आता कंटाळ्याचं. डेबियनमधला प्रत्येक प्रोग्रॅम म्हणजे एक पॅकेज, आणि ते सांभाळणारा तो मेंटेनर. एखाद्याला पॅकेज झेपेनासं झालं की ते 'अनाथ' म्हणून जाहीर करायचं, दुसरा कोणी दत्तक घेतो. न सांगता गायब झालेल्या मेंटेनरांचा माग काढायला एक वेगळी टीमच आहे. मला सगळ्यात जास्त विश्वास या टीममुळे वाटतो. लोक जाणार, हे त्यांनी आधीच धरलंय.

खजिनदारांना सरकारी शिक्का लागत असेल तर सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस लिनक्स ही सिस्टिम डेबियनवरच उभी आहे, तेवढंही सांगून टाका.

कर्नलपॅनिक

भिया, इतकंही गोड चित्र नाहीये.

तुमची ३२ बिटची मशीन १३ मधून बाहेर पडली ती याच कारणाने. तसलं हार्डवेअर तपासणारे, दुरुस्त करणारे हात कमी झाले. १३ मध्ये त्यांच्यासाठी ना इन्स्टॉलर आहे ना कर्नल (सिस्टिमचा गाभा). १२ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या जून २०२८ पर्यंत मिळतात, पण शेवटची दोन वर्षं नेहमीची टीम बघत नाही, वेगळा गट बघतो आणि त्यातल्या बऱ्याच कामाचे पैसे कंपन्या देतात. म्हणजे म्हाताऱ्यांना तेवढाच वेळ आहे. मग भंगार, किंवा नेट काढून नुसतं टायपिंग.

खजिनदारांचा पुढचा प्रश्न मी आत्ताच सांगतो: मग यांना पगार का देत नाही? देऊन बघितलाय. २००६ मध्ये रिलीज सांभाळणाऱ्या दोघांना महिनाभराच्या कामाचे पैसे द्यायचं ठरलं. 'त्यांना पैसे, आम्हाला काय?' म्हणून भांडणं पेटली. डिसेंबर २००६ ला यायची ती आवृत्ती एप्रिल २००७ मध्ये आली. तरी २००५ पासून दर विषम वर्षी एक आवृत्ती निघालीय, चुकलेली नाही, हे मान्य करतो.

आणि सगळेच डेबियन नसतात. व्हॉइड लिनक्स या अशाच दुसऱ्या फुकट सिस्टिमचा संस्थापक २०१८ च्या सुमाराला संपर्काबाहेर गेला. डोमेन त्याच्याकडे, कोडच्या खात्याचा ताबाही त्याच्याकडेच. बाकीच्यांची काम करायची तयारी होती, पण स्वतःच्याच घराला कुलूप. शेवटी नव्या पत्त्यावर सगळं परत मांडलं. म्हणून कुठलीही सिस्टिम निवडताना मी डेव्हलपर किती ते नंतर बघतो, किल्ल्या किती जणांकडे ते आधी.

रामबागचा_काका

दोघांचे आभार. 'अनाथ' आणि 'दत्तक' सभेला एकदम कळलं. निवडणुकीचा किस्सा सांगितल्यावर अध्यक्ष उगाचच माझ्याकडे बघायला लागले, त्यांची ही चौथी टर्म आहे.

डेबियन राहणार असं ठरलं. ३२ बिटची दोन मशीनं २०२८ च्या उन्हाळ्यात काढायची, आणि तोवर दरवर्षी थोडे पैसे बाजूला टाकायचे.

किल्लीची गोष्ट मात्र मीच अडचणीत येईन अशी निघाली. खजिनदारांनी विचारलं, "आपल्या मशीनचा पासवर्ड कोणाकडे?" माझ्याकडे. अजून कोणाकडे? भाच्याकडे होता, तो बंगळुरूला गेला आणि नंतर मी बदलला. मार्चमध्ये मी आठ दिवस दवाखान्यात होतो तेव्हा वाचनालयातला प्रिंटर बंद होता, तो का बंद होता हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

आता नऊ मशीनचे पासवर्ड वहीच्या कागदावर लिहून पाकिटात घातले, लाखेचा शिक्का मारला आणि गणपतीच्या पावतीपुस्तकांच्या कपाटात ठेवले. कपाटाची किल्ली खजिनदारांकडे असते. एकट्या त्यांच्याकडेच.

पुढच्या सभेत विषय घेतोय.