हिमेजी किल्ल्यात लिफ्ट आहे का? मदत हवी आहे, उद्याच जायचंय

मनस्वी_पुणे:
हिमेजी किल्ल्यात लिफ्ट आहे का? उद्या सकाळी निघायचंय, तासभर शोधतेय, नीट कुठेच सापडत नाहीये. प्लीज लवकर सांगा.

योकोहामाकर:
नाही. पण बरोबर कोण आहे, राहताय कुठे? ते कळल्याशिवाय पुढचं काय सांगणार?

गडवेडा_सातारा:
अहो लिफ्ट कुठून असणार, मुख्य बुरूज १६०९ चा आहे, लाकडी! असे मूळ बुरूज जपानात फक्त १२ उरलेत आणि त्यातला हा सगळ्यात मोठा, अजिबात चुकवू नका. आत सहा मजले, खाली तळघर. दारातच बूट काढून पिशवीत घालायचे, मग एका हातात ती पिशवी, दुसऱ्या हाताने कठडा धरायचा, पायात नुसते मोजे आणि पायऱ्या गुळगुळीत. वरचे जिने तर जुन्या वाड्यातल्या माळ्याच्या शिडीसारखे उभे.

नीलकमळ:
त्यापेक्षा ओसाका किल्ला करा. लिफ्ट आहे, आत म्युझियम आहे, वरून सगळं शहर दिसतं.

गडवेडा_सातारा:
तो बुरूज १९३१ साली काँक्रीटमध्ये बांधलाय, त्याला हिमेजीची सर नाही.

नीलकमळ:
नसू दे. माझ्या सासूबाई वर जाऊन आल्या, किती खूश होत्या! वयस्कर माणसांनी किल्ले बघूच नयेत का? रायगडालाही रोपवे आहेच ना.

गडवेडा_सातारा:
रोपवे गडावर नेऊन सोडतो, गडाचं लाकूड कापून नाही बसवलेला.

खादाड_मी:
शाकाहारी असाल तर मिसो सूप जपून घ्या, बहुतेक ठिकाणी माशाचा अर्क असतो. ठेपले बरोबर ठेवा.

योकोहामाकर:
धागा भरकटतोय. मनस्वी, बरोबर कोण आहे ते सांगा ना.

मनस्वी_पुणे:
सॉरी, लिहायचंच राहिलं. आईबाबा आहेत. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, बाबा सत्तरीचे पण चालतात. राहतोय ओसाकात, नम्बाला. आई म्हणते तुम्ही दोघं जाऊन या, मी हॉटेलवर बसते, आणि तेच मला नकोय, इतक्या लांब आणून तिला खोलीत कशी ठेवू?

योकोहामाकर:
मुळीच ठेवू नका. नम्बाहून मेट्रोने उमेदा, तिथे ओसाका स्टेशनवरून हिमेजीची शिनकाइसोकू (कमी थांबे घेणारी जलद लोकल) पकडा, तासाभरात पोचाल, शिनकानसेनची (बुलेट ट्रेनची) गरज नाही. स्टेशनसमोरच्या सरळ रस्त्याच्या टोकाला किल्ला दिसतो, चालत १५-२० मिनिटं, आईंसाठी बस किंवा टॅक्सी घ्या. तिकीट खिडकीच्या अलीकडे सान्नोमारूचं मोठं मैदान आहे, सपाट आणि फुकट, तिथून पांढराशुभ्र बुरूज पूर्ण दिसतो. आई तिथे बसतील, तुम्ही आणि बाबा वर जा. तिकिटाच्या आत मात्र बुरुजापर्यंतच चढ आणि दगडी पायऱ्या आहेत, तिथे त्यांना नेऊ नका. नंतर तिघं मिळून शेजारच्या कोकोएन बागेत जा, चहाघर पण आहे.

गडवेडा_सातारा:
हे पटलं. नऊला उघडतो, लवकर जा, दुपारी जिन्यांवर रांग लागते. आणि मार्च २०२६ पासून हिमेजी शहराबाहेरच्यांना तिकीट २५०० येन झालंय, आधी १००० होतं.

मनस्वी_पुणे:
खूप खूप आभार! आईला मैदानाचा फोटो दाखवला, येते म्हणाली. बाबांसाठी पकड असलेले मोजे कुठे मिळतील?

नीलकमळ:
शंभर येनच्या दुकानात बघा, तळव्याला रबरी ठिपके असलेले. आत्ताच घेऊन ठेवा, सकाळी दुकानं उघडायच्या आत निघाल.