मदत हवी आहे: कंपनीच्या पैशातलं प्रशिक्षण नाकारायचं कसं?

नमस्कार मंडळी. मी प्रसूती विभागात नर्स आहे. पुढच्या महिन्यात आमच्याकडे बाळांच्या पोटदुखीवर आणि दुधाच्या ॲलर्जीवर एक दिवसाचं प्रशिक्षण आहे. विषय कामाचा आहे, पण सगळा खर्च बाळांच्या पावडर दुधाची कंपनी करणार. उघड जाहिरात कुठेच नाही, खरी मेख तीच.

आताच आमचं पेन, वजनाची वही आणि भिंतीवरचा वाढीचा तक्ता, तिन्हींवर त्याच कंपनीचा लोगो आहे. परवा एका बाळंतिणीने तक्त्याकडे बोट दाखवून विचारलं, "सिस्टर, म्हणजे हेच दूध चांगलं ना?" मला पटकन उत्तर सुचेना.

वरिष्ठांशी बोलले, तर म्हणाल्या, "अगं, एका पेनाने कोणी विकलं जातं का?" पण आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या दुधाच्या विक्री-जाहिरातीबद्दलच्या १९८१च्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार आरोग्य कर्मचाऱ्यांना खप वाढवण्यासाठी पैसे किंवा वस्तू देता येत नाहीत. २०१६च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात तर या कंपन्यांनी आमच्या बैठका, परिषदा प्रायोजित करू नयेत असं स्पष्ट आहे. पण कलमं वाचून दाखवली की माणसं दुखावतात, आणि मला उद्याही तिथेच ड्यूटी करायची आहे.

(पावडर दूध खरंच लागतं अशीही बाळं असतात. त्यांच्या आयांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.)

तुमच्यापैकी कोणी असं प्रायोजकत्व थांबवलंय का? पत्र कोणाला आणि कोणत्या शब्दांत लिहिलं? खर्चाची सोय कशी केली? आणि तो तक्ता नुसता उतरवून ठेवला तर चालेल का?