महाराज गेले आणि हरिपाठ बंद पडायला आला, असं का होतं?

गोदाकाठ: पंचवटीत आमच्या गल्लीतल्या देवळात रोज संध्याकाळी 7 ला हरिपाठ असतो. चालवणारे महाराज जाऊन 10 महिने झाले. ते होते तेव्हा दारात चपलांना जागा पुरायची नाही, काल मोजल्या तर 6 जोड, त्यातला एक पुजाऱ्यांचा. बुक्क्याच्या डबीचा तळ दिसतोय, भरायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. मला राग येतो, स्पष्टच लिहितो. गळ्यात माळ पांडुरंगाची घातली ना, मग महाराज गेले म्हणून पांडुरंग पण गेला का?

सिडकोकर: दादा, हे नाही पटलं. न येणाऱ्यांतला मी एक. माझी दारू महाराजांनी सोडवली, मला विठ्ठल त्यांच्याच तोंडून कळला. तो रिकामा पाट दिसला की पहिल्याच अभंगाला घसा दाटतो, आवाजच निघत नाही. घरी रोज म्हणतो मी. याला भक्ती आटली म्हणायचं का?

शरणपूर रोड: मी ख्रिस्ती, तरी लिहितो. आमच्या शास्त्रात योवाश राजा आहे, 7 व्या वर्षी गादीवर बसला, यहोयादा याजक होता तोवर मंदिराची डागडुजी वगैरे सगळं व्यवस्थित. याजक वारला, सरदार येऊन पाया पडले, ह्याने त्यांचं ऐकलं, मंदिर सोडलं, आणि याजकाच्याच मुलाला, जखऱ्याला, मंदिराच्या अंगणात दगडांनी मारवलं. इतकी वर्षं तो देवाला नाही, याजकाला धरून होता असं मला वाटतं. पण सिडकोकर, तुम्ही घरी म्हणताय, तुमचं तसं नाही.

त्र्यंबक वाट: आपल्या शेजारीच बघा ना. ज्ञानदेवांचे गुरू म्हणजे थोरले भाऊ निवृत्तीनाथ. 1296 ला आळंदीत शिष्यच आधी समाधिस्थ झाला, मागून सोपानकाका, मुक्ताई, गुरू मागे राहिला. केवढं दुःख असेल, पण वाट नाही सोडली.

सिडकोकर: आणि पुढच्याच वर्षी त्यांनी पण त्र्यंबकला समाधी घेतली, हे पण लिहा की. मागे राहणं त्यांनाही जड गेलं असेल.

त्र्यंबक वाट: असेल, नाही म्हणत नाही. पण पौष वद्य एकादशीला आजही दिंड्या तिथे येतातच ना. आमच्या दिंडीत माझ्या बघण्यात 3 विणेकरी झाले, वीणा तीच आहे. एकाच्या गळ्यातली दुसऱ्याच्या गळ्यात जाते, मध्ये खाली ठेवत नाहीत. महाराजांनी तुम्हाला दिलं ते तुम्ही घरात कोंडून ठेवलंत तर पुढचा दारूतला पोरगा कोणाकडे जाणार?

गोदाकाठ: हेच म्हणायचं होतं मला, रागात वाकडं लिहिलं गेलं. सिडकोकर, तुमच्या घरी एकदा तरी यायला हवं होतं, नाही आलो, ती माझी चूक. पण मत तेच आहे, घरचं म्हणणं वेगळं आणि समोर टाळकरी उभा असताना म्हणणं वेगळं.

सिडकोकर: पाटावर कोणाला बसवणार असाल तर मी येणार नाही, आधीच सांगतो.

गोदाकाठ: कोणाला नाही. हरिपाठाची पोथी ठेवू त्यावर?

सिडकोकर: चालेल. बुक्का मी आणतो.