टॅमॉक्सिफेनमुळे अंगातून वाफा: अ‍ॅक्युपंक्चरची किती सिटिंग, सुया कुठे?

रानजाई:
मोठ्या बहिणीला (वय ४९) स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन २० मिग्रॅ सुरू आहे. ऑपरेशन डाव्या बाजूचं, काखेतल्या गाठीही काढल्यात. दिवसातून आठ-दहा वेळा अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने गाऊन दोनदा बदलावा लागतो. आता गोळीच बंद करते म्हणते. कॅन्सरच्या डॉक्टरांची अ‍ॅक्युपंक्चरला हरकत नाही. किती सिटिंग लागतात, सुया कुठे टोचतात, काय जपायचं?

ओसरी:
ताई, गोळी मनाने बंद करू देऊ नका. आजार उलटू नये म्हणून ती आहे. त्रास सोसवत नसेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, पर्याय आहेत.

सिटिंगचं म्हणाल तर डेट्रॉइटमध्ये ५० बायकांवर झालेल्या चाचणीत (२०१०) पहिले ४ आठवडे आठवड्यातून दोनदा आणि पुढचे ८ आठवडे एकदा असा क्रम होता, म्हणजे १६ सिटिंग. व्हेन्लाफॅक्सिन या गोळीइतकाच आराम पडला. उपचार थांबवल्यावर गोळीवाल्यांच्या वाफा दोन आठवड्यांत वाढल्या, सुयांचा गुण मात्र टिकून राहिला. दोन सिटिंगनंतर ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देणं, इथेच बहुतेकांचं चुकतं.

खरी सुई आणि नुसती टेकवलेली खोटी सुई यांतला फरक मात्र सगळ्या चाचण्यांत ठळक दिसलेला नाही. तरी करून बघण्यासारखं नक्की आहे.

नेहमीची एक जागा पायावर असते: आतल्या घोट्याच्या टोकापासून पेशंटची स्वतःची चार बोटं आडवी धरून वर, नडगीच्या मागच्या कडेला. दुसरी घोटा आणि टाचेची जाड शीर यांच्यामधल्या खळगीत. शिवाय मनगट आणि टाळू. सुई केसाहून थोडी जाड, साधारण पाव मिलिमीटर. २० ते ३० मिनिटं ठेवतात. टोचल्यावर जागा जड होते, मंद ठणकते, ते ठीक आहे. चटका बसला किंवा करंट लागल्यासारखं झालं तर लगेच सांगायचं, सुई मागे घ्यावी लागते. उपाशीपोटी जाऊ नये, चक्कर येते. पहिलं सिटिंग आडवं पडूनच घ्यावं.

नाचणी:
वरच्यात भर. डाव्या हाताला सुई नको, मनगटालाही नको. गाठी काढलेल्या हाताला सूज आणि जंतुसंसर्ग यांचा धोका असतो, म्हणून तो हात राखतात. मनगटाची जागा उजवीकडे घेता येते. हे दर वेळी सुरुवातीलाच सांगायचं, फाइलमध्ये लिहिलंय म्हणून गप्प बसायचं नाही.

छाती, खांद्याचा वरचा भाग आणि पाठ इथे सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. वाफांसाठी तिथे टोचायची गरजच नाही. केमो चालू असेल तर आधी रक्त तपासा. प्लेटलेट ५०,००० च्या खाली किंवा पांढऱ्या पेशी फार उतरलेल्या असतील तर थांबायचं. पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडायची नाही. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको.

रानजाई:
आभार! एक राहिलं. फॅमिली डॉक्टरांनी वाफांसाठी पॅरॉक्सेटिन लिहून दिलंय, अजून सुरू केलेलं नाही. सुयांबरोबर चालेल?

ओसरी:
सुयांशी भांडण नाही, टॅमॉक्सिफेनशी आहे. टॅमॉक्सिफेनचं खरं काम करणारं रूप यकृतात तयार होतं आणि पॅरॉक्सेटिन तीच वाट अडवतं. फ्लुओक्सेटिनही तसंच. सुरू करण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. व्हेन्लाफॅक्सिन ही अडचण फारशी करत नाही, रात्रीच्या घामासाठी गॅबापेंटिनही देतात. शतावरी किंवा सोयाच्या गोळ्या घेत असेल तर तेही सांगा.

नाचणी:
पहिल्या सिटिंगच्या आधी आठवडाभर वही ठेवा. प्रत्येक वाफेला गुण द्यायचे: सौम्य १, मध्यम २, जोराची ३, अगदी असह्य ४. दिवसाची बेरीज मांडा. तीन सौम्य, तीन मध्यम, दोन जोराच्या म्हणजे १५. आठव्या सिटिंगला पुन्हा आठवडाभर मांडा. आकडा निम्म्यावर आला की उरलेली सिटिंग पुरी करा. जागचा हललाच नाही, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.